आगरकर आणि गोल फिरणारा युक्तिवाद

आज आपण गोपाळ गणेश आगरकर यांचं चरित्र पाहणार आहोत. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन-चार ओळी असतात: थोर समाजसुधारक, 'सुधारक' पत्राचे संपादक, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण आगरकरांकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट त्या ओळींत येत नाही. समोरचा माणूस जे कारण देतोय ते खरंच कारण आहे की नुसतं कारणासारखं दिसतंय, हे ओळखायला त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. म्हणून हा पाठ चरित्राचाही आहे आणि तर्काचाही.

सुरुवातीला एक छोटं उदाहरण बघा. धायरी फाट्यावर दोन मित्र बोलतायत. पहिला म्हणतो, अमुक क्लास सगळ्यात चांगला. दुसरा विचारतो, कशावरून? पहिला म्हणतो, हुशार मुलं तिथेच जातात ना! ती मुलं हुशार कशावरून? तर म्हणे, त्या चांगल्या क्लासला जातात म्हणून. बोलणं झालं, मान हलली, पण हाती काय लागलं? काहीच नाही. जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरलं आणि त्याच्याच जोरावर ते सिद्ध केलं. याला चक्राकार युक्तिवाद म्हणतात. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात यासाठी जुने शब्द आहेत. दोन गोष्टी एकमेकींच्याच आधारावर उभ्या असतील तर तो 'अन्योन्याश्रय', आणि फिरून फिरून मूळ जागी येणारी साखळी असेल तर ते 'चक्रक'. कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं जे असतं, त्याला 'हेत्वाभास' म्हणतात. हेतू म्हणजे कारण आणि आभास म्हणजे नुसता भास.

क्लासच्या बाबतीत अशी चूक झाली तर फार तर फीचे पैसे जातील. पण आगरकरांच्या काळात याच पद्धतीच्या युक्तिवादांवर लहान मुलींची लग्नं लागत होती, विधवांचं केशवपन होत होतं आणि मुलींना शाळेची दारं बंद होती. त्यामुळे त्यांच्यासाठी तर्क हा पुस्तकातला विषय नव्हता. त्यावर माणसांचं आयुष्य अवलंबून होतं.

टेंभू ते अकोला

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी होती. प्राथमिक शिक्षण कराडला झालं. पुढे शिकायचं तर पैसा नाही आणि आधारही नाही. शिक्षणासाठी ते रत्नागिरीला गेले, पण तिथे राहण्याजेवणाची नीट सोय लागली नाही. परत येऊन दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं. मग नातेवाइकांच्या आधाराने थेट वऱ्हाडात अकोल्याला गेले आणि तिथून 1875 साली मॅट्रिक झाले. अकोल्याच्या शाळेतले विष्णू मोरेश्वर महाजनी हे विद्वान शिक्षक त्यांना लाभले. त्यांच्या मदतीचा आगरकरांना पुढेही उपयोग झाला.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावर घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. वर्तमानपत्रांत लेख लिहायचे, निबंधस्पर्धांत बक्षिसं मिळवायची आणि त्या पैशांवर दिवस काढायचे. इतके हाल सोसून एम. ए. होणाऱ्या माणसाला त्या काळात सरकारी नोकरी सहज मिळाली असती आणि घरचं दारिद्र्य फिटलं असतं. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. आपला मुलगा हातातोंडाशी आलेलं सोडून देतोय हे वाचताना त्या माउलीला काय वाटलं असेल, याचा विचार करून बघा.

डेक्कन कॉलेजात काय मिळालं?

डेक्कन कॉलेजात आगरकरांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे बाळ गंगाधर टिळकांची मैत्री. दोघेही 1856 मध्ये जन्मलेले, दोघेही बुद्धिमान आणि दोघेही वादाला पक्के. सरकारी नोकरी करायची नाही, नव्या पिढीला शिकवायचं, हे दोघांनी इथेच ठरवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे वाचन. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे विषय. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. मिलने तर्कशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला आहे आणि त्याचा एक अख्खा भाग फसव्या युक्तिवादांवर आहे. माणूस चुकीच्या निष्कर्षावर नेमका कोणत्या वाटेने पोचतो, याची त्यात छाननी आहे. अशा विचारांच्या सहवासात आगरकरांची एक सवय पक्की झाली. कोणतीही गोष्ट जुनी आहे म्हणून सोडायची नाही आणि जुनी आहे म्हणून धरायचीही नाही. तिच्यामागचं कारण विचारायचं. कारण टिकलं तर गोष्ट ठेवायची, नाही टिकलं तर सोडायची.

ही सवय त्यांच्या इतर कामातही दिसते. 1888 साली त्यांनी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे व्याकरणाचं पुस्तक लिहिलं. वाक्याचे भाग सुटे करायचे, कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे ते दाखवायचं, हा त्याचा विषय. युक्तिवाद तपासतानाही नेमकं हेच करावं लागतं. म्हणणं काय आहे, कारण काय आहे, आणि कारणाचा म्हणण्याशी खरंच संबंध लागतो का?

शाळा, वर्तमानपत्र आणि तुरुंग

2 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक त्यात पुढे होते. एम. ए. चा अभ्यास आटोपून आगरकर 1881 च्या सुरुवातीला येऊन मिळाले. त्याच जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन पत्रं सुरू झाली. मराठी 'केसरी'चे पहिले संपादक टिळक नव्हते, आगरकर होते. अनेकांना हे ठाऊक नसतं, म्हणून लक्षात ठेवा.

पत्र सुरू होऊन वर्ष होतंय न होतंय तोच एक मोठं प्रकरण झालं. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्याला दिवाण माधवराव बर्वे जबाबदार आहेत, अशा मजकुराची पत्रं या दोघांच्या हाती आली. त्यांनी त्या आधारावर लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी 1882 च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ते 101 दिवस होते. आगरकरांनी यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे 101 दिवस' हे पुस्तकही लिहिलं.

तर्काच्या दृष्टीने या प्रकरणातून एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते. दिवाणाने छळ केल्याचा पुरावा या पत्रांत आहे, म्हणून दिवाण दोषी, या विचाराचा आकार बरोबर होता. त्यात चक्र नव्हतं. पण आधारच खोटा निघाला. म्हणजे युक्तिवाद दोन ठिकाणी तपासावा लागतो. कारणापासून निष्कर्ष नीट निघतोय का, हे एक. आणि ते कारण मुळात खरं आहे का, हे दुसरं. आज मोबाईलवर आलेला फोटो किंवा चिठ्ठी पुढे पाठवण्याआधी हे प्रकरण आठवावं. चांगल्या हेतूची, हुशार माणसंसुद्धा बनावट कागदाने फसू शकतात.

तुरुंगात या दोन मित्रांचे वाद चालायचे. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा? आवाज इतके चढायचे की पहारेकऱ्यांना गप्प करावं लागायचं. हा वाद पुढे आयुष्यभर चालला आणि त्यात मैत्री होरपळली.

'सुधारक' का काढला?

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालं. आगरकर तिथे शिकवू लागले. पण 'केसरी'त त्यांची घुसमट होऊ लागली. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण या विषयांवर त्यांना जे लिहायचं होतं ते सहकाऱ्यांना पटत नव्हतं. 1887 मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि 1888 च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःचं 'सुधारक' हे साप्ताहिक काढलं. त्याच्या इंग्रजी बाजूला गोपाळ कृष्ण गोखले यांची मदत होती.

'सुधारक'चे लेख आजही वाचण्यासारखे आहेत. 'सोवळ्याची मीमांसा', 'मूळ पाया चांगला पाहिजे', 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत', 'स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे'. नुसती शीर्षकं वाचली तरी त्या काळच्या पुण्यात काय खळबळ उडाली असेल याची कल्पना येते. आगरकर रीत मोडा असं नुसतं सांगत नव्हते. लोक ज्या कारणांवर त्या रीती उभ्या असल्याचं मानत होते, ती कारणं ते एकेक करून समोर मांडत होते. आपण त्यातले मुख्य प्रकार पाहू. उदाहरणं त्या काळच्या वादांची आहेत, मांडणी आपल्या अभ्यासासाठी केली आहे.

१. चक्राकार युक्तिवाद. शास्त्रात सांगितलंय म्हणून ही रूढी योग्य. शास्त्र बरोबर कशावरून? तर ते सर्वज्ञ ऋषींनी सांगितलं म्हणून. ऋषी सर्वज्ञ कशावरून? तर शास्त्रात तसं लिहिलंय म्हणून. बघा, आलो परत तिथेच. ज्याचा शास्त्रावर आधीपासून विश्वास आहे त्यालाच हे पटेल. पण ज्याला शंका आहे, त्याच्या शंकेचं उत्तर इथे कुठेच नाही.

इथे आगरकरांचं वेगळेपण समजून घ्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही मोठे सुधारक. पण ते शास्त्रांतूनच सुधारणेला अनुकूल वचनं शोधून दाखवत. लोकांना पटवायची ती एक वाट होती. आगरकरांचं म्हणणं वेगळं होतं. शास्त्र अनुकूल असलं तर चांगलंच, पण नसलं तरी जे न्यायाचं आणि हिताचं आहे ते करायला हवं. कारण योग्य-अयोग्य ठरवायचं माप वचन नाही, विचार आहे. रानडे-भांडारकर चक्राच्या आत राहून मार्ग काढत होते, तर आगरकर चक्राच्या बाहेर उभे होते.

२. परिणामालाच कारण म्हणणं. बायकांना शिकवून काय उपयोग, त्यांना समज कमी असते, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. समज कमी कशावरून? तर बघा ना, त्यांना लिहितावाचता येत नाही, व्यवहार कळत नाही. आता सांगा, शाळेतच पाठवलं नाही तर लिहितावाचता येणार कसं? शिक्षण न दिल्याचा परिणाम समोर ठेवायचा आणि तोच शिक्षण न देण्याचं कारण म्हणून वापरायचा. हेही एक चक्रच आहे. फक्त ते कागदावर राहत नाही, माणसाच्या आयुष्यात फिरत राहतं. आई अडाणी, म्हणून मुलगी अडाणी, आणि तिचं अडाणीपण हा पुन्हा पुढच्या पिढीसाठी पुरावा!

३. पूर्वापार चालत आलंय. जुनं आहे एवढ्यावरून गोष्ट चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. दरोडेसुद्धा पूर्वापार पडत आलेत. ज्या काळी रीत सुरू झाली त्या काळी तिला काही कारण असेलही. ते कारण आज उरलंय का, हा खरा प्रश्न.

४. एवढे लोक करतात ते काय मूर्ख आहेत? ही गर्दीची साक्ष. डोकी मोजून लोकांची आवड कळते, खरं-खोटं कळत नाही. आणि गर्दीतल्या प्रत्येकाला विचारलं तर तो उरलेल्या गर्दीकडे बोट दाखवतो. म्हणजे इथेही शेवटी चक्रच.

५. आज हे, उद्या ते. मुली शिकल्या की नवऱ्याचं ऐकणार नाहीत, मग घर मोडेल, मग धर्म बुडेल. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत थेट घसरगुंडी! मधली प्रत्येक पायरी खरंच पुढच्या पायरीकडे नेते का, हे कोणी दाखवत नाही. भीती मात्र शेवटच्या पायरीची घातली जाते.

६. म्हणणं सोडून माणसावर घसरणं. हा प्रकार आगरकरांच्या वाट्याला सगळ्यात जास्त आला. त्याबद्दल थोडं पुढे पाहू.

संमतिवयाचा वाद

1890 मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. तेव्हाच्या कायद्यात मुलीचं संमतिवय दहा वर्षं होतं. ते बारा करण्याचं विधेयक आलं आणि मार्च 1891 मध्ये कायदा झाला. या काही महिन्यांत पुण्यात रणकंदन माजलं. आगरकर विधेयकाच्या बाजूने, टिळक विरोधात.

आता हा भाग नीट वाचा, कारण इथे घाईने निकाल देणारे विद्यार्थी चुकतात. विरोधकांचे सगळे युक्तिवाद फसवे होते का? नाही. ही धर्माज्ञा आहे म्हणून ती योग्य, आणि योग्य आहे म्हणूनच ती धर्माज्ञा, असं म्हणणारे चक्रात फिरत होते हे खरं. पण टिळकांचा मुख्य मुद्दा तसा नव्हता. परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात शिरू नये, सुधारणा समाजाने स्वतः करावी, असं ते म्हणत. त्यांनी उलट सूचना केली होती की ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करायचं नाही, असं वचन द्यावं. हा मुद्दा पटो न पटो, पण तो गोल फिरणारा नाही. त्याला कारण आहे आणि त्यामुळे त्याला उत्तरही कारणानेच द्यावं लागतं.

त्यावर आगरकरांच्या बाजूचं उत्तर असं होतं. समाज आपणहून सुधारेल तेव्हा सुधारेल, पण तोवर ज्या मुली मरतील किंवा जन्माच्या अधू होतील त्यांचं काय? दुबळ्याचं रक्षण करणं हे सरकारचं कामच आहे, मग ते सरकार कोणाचंही असो. सतीची चाल कायद्यानेच बंद झाली, तेव्हा कायदा केला म्हणून धर्म बुडाला नाही.

दोन्ही बाजू वाचल्यावर तुमचं मत कुठेही झुको. पण तर्काचे दोन नियम इथून घ्या. पहिला, समोरच्याचा सगळ्यात कच्चा मुद्दा निवडून तोच त्याचा खरा मुद्दा असल्याचं भासवू नये. ते म्हणजे बुजगावणं उभं करून त्यालाच मारण्यासारखं आहे. दुसरा, एखाद्याने वाईट कारण दिलं म्हणून त्याचा निष्कर्ष खोटाच असतो असं नाही. बरोबर गोष्टीसाठीही लोक चुकीची कारणं देतात. फसवा युक्तिवाद ओळखल्यावर एवढंच म्हणता येतं की या कारणाने हे सिद्ध झालं नाही.

जिवंत माणसाची अंत्ययात्रा

आगरकरांच्या लेखांना उत्तरं देणारे होते, तसं शिव्या देणारेही होते. धर्मबुडव्या, भ्रष्ट, साहेबाचा चेला. एकदा तर पुण्यात त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढण्यात आली. जिवंत माणसाने आपल्या घरातून आपलीच तिरडी जाताना पाहिली. घरात पत्नी यशोदाबाई आणि मुलं. त्यांच्या कानांवर ते शब्द पडत होते.

विचार करा, प्रेतयात्रा काढल्याने कोणता मुद्दा खोडला गेला? बालविवाहाने मुलींचं नुकसान होतं हे म्हणणं खोटं ठरलं का? माणसाची बदनामी झाली, पण म्हणणं जागच्या जागी राहिलं. वर्गात, घरात किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद चालू असताना कोणी मुद्दा सोडून तू आधी स्वतःकडे बघ असं म्हणालं की हा प्रसंग आठवा.

आगरकरांनी मात्र स्वतःच्या घरात जबरदस्ती केली नाही. ते स्वतः देवधर्म मानत नसत, पण यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि आपली व्रतं पाळत. विचार पटवायचा असतो, लादायचा नसतो, हे तत्त्व त्यांनी घरातही पाळलं. दुसऱ्याला कारण मागण्याचा हक्क आहे असं मानणारा माणूस दुसऱ्यावर विनाकारण हुकूम कसा चालवेल?

शेवटची वर्षं

1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. 1892 मध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचं निधन झालं आणि आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलं होतं. कॉलेज, 'सुधारक', आजार आणि ओढगस्तीचा संसार, असं सगळं एकदम चालू होतं. 17 जून 1895 रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं 38. आपल्या अंत्यविधीसाठी थोडे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. जगताना कोणाचा भार झालो नाही, मेल्यावरही नको, असा हिशेब असावा.

टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांना अश्रू आवरत नव्हते असं सांगितलं जातं. इतकी वर्षं एकमेकांच्या म्हणण्यावर तुटून पडलेली माणसं, पण एकमेकांची योग्यता दोघांनाही ठाऊक होती.

चक्र तुटलं ते कसं?

आता एक प्रश्न उरतो. चक्राकार युक्तिवाद ओळखता येतो हे ठीक, पण तो मोडायचा कसा? नुसतं तू गोल फिरतोयस असं सांगून माणूस थांबत नाही. चक्र मोडायला बाहेरचा पुरावा लागतो.

तो पुरावा आपल्या धायरीपासून फार लांब नाही. टिळक गेल्यावर 1891 मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्यासाठी मोठा सामाजिक जाच सोसला. आगरकरांसारख्या माणसांचा विचार त्यांच्या पाठीशी होता. आगरकर गेल्यानंतर वर्षभराने, 1896 मध्ये, कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. तेच आजचं कर्वेनगर. धायरीहून सिंहगड रस्त्याने शहराकडे निघालं की मुठेच्या पलीकडच्या अंगाला ते येतं.

विधवा शिकू शकत नाहीत, त्यांना समज नसते, असं म्हणणाऱ्यांना हिंगण्याने भाषण दिलं नाही. तिथे विधवांना शिकवलं. त्या शिकल्या, पुढे शिक्षिका झाल्या. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. शिकवलंच नाही तर कळणार कसं, या प्रश्नाला तिथे प्रत्यक्ष करून उत्तर मिळालं. आज आपल्या वर्गात निम्म्या बाकांवर मुली बसलेल्या असतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. ते नवल न वाटणं हीच आगरकरांची कमाई आहे.

जाता जाता एक गंमत. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. पुष्कळ जणांना वाटतं की संस्थाही त्यांच्याच नावाची. पण ती वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने आहे. नाव सारखं, रस्ता तोच, म्हणून माणूसही तोच, हाही एक घाईचा निष्कर्षच!

लक्षात ठेवा

युक्तिवाद तपासताना तीन प्रश्न विचारा.

म्हणणं काय आणि कारण काय, हे दोन वेगळ्या ओळींत लिहिता येतं का? दोन्ही ओळींत शब्द बदलून तीच गोष्ट आली असेल तर तो चक्राकार युक्तिवाद आहे.

ज्याला हे म्हणणं पटलेलं नाही, त्याला निदान कारण तरी पटेल का? नाही पटणार, तर कारणाचा उपयोग नाही.

कारण खरं आहे हे मी स्वतंत्रपणे तपासलंय का? कोल्हापूरची पत्रं विसरू नका.

आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यात अवघड आहे. हे तीन प्रश्न आधी स्वतःच्या आवडत्या मतांना विचारा. दुसऱ्याचं चक्र लगेच दिसतं, पण आपण स्वतः ज्यात बसलोय ते दिसत नाही.

स्वाध्याय

१. पुढील विधानांतला दोष ओळखा आणि त्याचं नाव लिहा.
(अ) ही बातमी खरी आहे, कारण सगळ्या ग्रुपवर आली आहे.
(आ) तो कधी खोटं बोलत नाही. कशावरून? त्यानेच मला सांगितलं.
(इ) तू स्वतः नापास झाला होतास, तू मला अभ्यासाचं काय सांगतोस?
(ई) आज सहलीला परवानगी दिली तर उद्या मुलं शाळाच सोडून देतील.

२. मुलींना गणित जमत नाही, म्हणून त्यांना गणिताच्या स्पर्धेला पाठवत नाही, असं कोणी म्हणालं तर त्यातलं चक्र कसं दाखवाल? ते मोडण्यासाठी प्रत्यक्ष काय कराल? पाच-सहा ओळींत लिहा.

३. संमतिवयाच्या वादात टिळकांचा मुद्दा आणि आगरकरांचा मुद्दा प्रत्येकी तीन ओळींत लिहा. ज्यांचं म्हणणं तुम्हाला पटत नाही त्यांचा मुद्दा आधी लिहा, आणि तो इतका नीट लिहा की त्यांनी स्वतः वाचला असता तर मान डोलावली असती.

४. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून एक अशी रीत शोधा जिचं मूळ कारण त्यांना सांगता येतं, आणि एक अशी जिचं कारण कोणालाच सांगता येत नाही. दोन्हींबद्दल वर्गात बोला. बोलताना आवाज चढला तरी चालेल, पण मुद्दा सुटता कामा नये.